रंग सगळ्यात शेवटी

खोली बदलायची ठरली की घरात सर्वात आधी येतं ते शेडकार्ड. टेबलावर ते पंख्यासारखं उलगडलं जातं, तीन माणसांची पाच मतं होतात आणि 'हा नको, याच्या शेजारचा बघ' यात दोन रविवार जातात. रंग ठरला की सोफा, सोफ्यावरून पडदे, पडद्यांनंतर दिवे. सामान पुन्हा लावताना मग कळतं की चार्जर लावायचा प्लग सोफ्याच्या पाठीमागे गेलाय, कपाटाचं दार पलंगाला अडतंय आणि शेडकार्डावर छान उबदार वाटलेला रंग रात्री ट्यूबलाइटखाली आजारी दिसतोय.

मला हा क्रमच उलटा वाटतो. रंग ही खोलीतली सर्वात सहज बदलता येणारी गोष्ट आहे. नाही आवडला तर दोन दिवसांत दुसरा हात मारता येतो. भिंत फोडून वायर फिरवून घेतलेला स्विच, जागेवर ठोकलेलं कपाट, हलवलेला नळ मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतो. जे बदलणं अवघड, ते आधी ठरवलेलं बरं. दुसरं असं, की रंग कसा दिसणार हे उजेड ठरवतो. उजेड कुठे हवा, हे माणसं कुठे बसतात, झोपतात, वाचतात यावर अवलंबून असतं. आणि माणसं कुठे बसू शकतील, हे खोलीतून जाणाऱ्या वाटांवर. म्हणजे आधी वाट, मग बैठक, मग उजेड आणि या सगळ्यानंतर रंग. आवाज आणि सामान हे या सगळ्याच्या अधेमधे येतात, त्यांच्याकडेही वळू.

आधी आठवडाभर नुसतं बघा

काही विकत घेण्याआधी, काही मोडण्याआधी एक आठवडा खोलीकडे फक्त बघायचं. बाहेरून आल्यावर पिशवी कुठे टेकवली जाते? किल्ल्या कुठे पडतात? फोनवर बोलताना माणूस कुठे जाऊन उभा राहतो? खोलीतला कुठला कोपरा असा आहे की जिथे कोणीच कधी बसत नाही? एका वहीत नोंद करत गेलं की चौथ्या-पाचव्या दिवशी खोलीचा स्वभाव कळायला लागतो.

बऱ्याच घरांत एक खुर्ची असते, जिच्यावर कपड्यांचा ढीग असतो. सगळे तिच्यावर वैतागतात, पाहुणे येणार म्हटलं की तो ढीग उचलून कपाटात कोंबला जातो आणि दोन दिवसांत पुन्हा उभा राहतो. हा आळस आहे असं आपण धरून चालतो. नीट पाहिलं तर त्या ढिगात एकदा घातलेले, पण धुवायला टाकण्याइतके न मळलेले कपडे असतात. त्यांना धुतलेल्या कपड्यांसोबत ठेवायचं नसतं आणि धुण्याच्या टोपलीत टाकायचं नसतं. घरात त्यांच्यासाठी जागाच नाही, म्हणून खुर्चीने ती जागा घेतली. दाराच्या मागे चार खुंट्या ठोकल्या की खुर्ची मोकळी होते. खोलीतला बहुतेक पसारा असाच असतो: एखाद्या वस्तूला पत्ता नसतो, म्हणून ती रस्त्यावर राहते.

आठवडाभराच्या या नोंदींतून एक यादी तयार होते. 'खोली सुंदर दिसली पाहिजे' असं तिच्यात नसतं. 'दोघांनी एकाच वेळी काम करता आलं पाहिजे', 'रात्री पाणी प्यायला उठल्यावर पायात काही येता कामा नये', 'आजोबांना खुर्चीतून हात न धरता उठता आलं पाहिजे' अशी वाक्यं असतात. डिझाइन म्हणजे या वाक्यांची उत्तरं.

पावलं मोजणारी बाई

घरातल्या हालचालींचा इतका बारीक विचार गांभीर्याने करणाऱ्यांत एक नाव ठळक आहे: मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की. ही ऑस्ट्रियन वास्तुविशारद. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीतल्या फ्रँकफुर्ट शहरात घरांची भयंकर टंचाई होती आणि वास्तुविशारद एर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली तिथे मोठ्या प्रमाणावर लहान, स्वस्त घरं बांधली जात होती. त्या घरांसाठी १९२६ मध्ये तिने एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, एवढंच. कुठून कुठे किती पावलं जातात, कुठल्या कामाला किती वेळ लागतो, याचा तिने अभ्यास केला होता. रेल्वेच्या भोजनडब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतं, कारण तिथे इवल्याशा जागेत माणसं खूप जणांचं जेवण करत असत.

त्या खोलीत खिडकीसमोर कामाचं टेबल होतं, बसून काम करता यावं म्हणून फिरतं स्टूल होतं, छतावरच्या रुळावर सरकवता येणारा दिवा होता आणि प्रत्येक कोरड्या जिनसासाठी हँडल असलेला ॲल्युमिनियमचा छोटा खण होता, जो थेट ओतता यायचा. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरं बांधली गेली. आज ज्याला आपण सर्रास 'मॉड्युलर' म्हणतो, त्याची एक मोठी मुळी इथे सापडते.

पण या गोष्टीची दुसरी बाजूही सांगायला हवी. ती खोली एका माणसाच्या पावलांवर बेतलेली होती. दुसरं माणूस मदतीला आलं की धक्काबुक्की. मूल पायात घुटमळायला जागा नाही. काम करणारी बाई घरापासून तुटून एकटी आत राहायची, ही टीका पुढे बरीच झाली. मोजमाप अचूक होतं, पण 'इथे एकाच वेळी किती जण असणार?' या प्रश्नाचं उत्तर आधीच 'एक' असं धरलं होतं. आपल्या खोलीसाठी यातून घ्यायचं ते एवढंच, की मोजपट्टी हातात घेण्याआधी माणसं मोजायची.

आता मोजपट्टी. माणसाचे खांदे साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर रुंद असतात, म्हणून ज्या वाटेने सतत येजा आहे ती ९० सेंटीमीटर, म्हणजे ३ फूट, ठेवली तर हातात कपड्यांची बादली असली तरी अडचण होत नाही. कमी वापराच्या वाटेला ६० ते ७५ सेंटीमीटर पुरतात. सोफा आणि त्याच्या पुढचं बुटकं टेबल यांत ४० ते ४५ सेंटीमीटर असावेत, त्याहून जास्त झालं तर हात पोचत नाही आणि कमी झालं तर गुडघे आपटतात. टेबलाजवळची खुर्ची मागे सरकवून उठायला टेबलाच्या कडेपासून निदान ७५ सेंटीमीटर मोकळे हवेत. कपाटासमोरही तितकेच.

हे आकडे कागदावर वाचून कळत नाहीत. चिकटपट्टी आणा आणि जमिनीवर सोफ्याचा, पलंगाचा, टेबलाचा खरा आकार चिकटवा. दारं आणि खण उघडल्यावर जिथपर्यंत येतात, तेही आखा. दोन दिवस त्या रेषा ओलांडायच्या नाहीत असं ठरवून खोलीत वावरा. हास्यास्पद वाटतं, पण खर्च चिकटपट्टीचा आणि चूक पकडली जाते सोफ्याची. मी एकदा हे केलं नाही. पुस्तकांचं कपाट दारामागच्या 'वाया जाणाऱ्या' जागेत हौसेने बसवून घेतलं. कपाट मापात अगदी चपखल बसलं, फक्त दार त्यानंतर जेमतेम ६० अंशांत उघडू लागलं. पुढची दोन वर्षं घरातला प्रत्येक माणूस त्या खोलीत तिरका होऊन शिरत असे.

भिंत पाडून खोली मोठी करण्याचा मोह झाला तर एकच गोष्ट. कुठली भिंत वरचा भार पेलतेय, हे ठोकून किंवा जाडीवरून अंदाजाने ठरवायचं नसतं. स्ट्रक्चरल इंजिनीअरने पाहिल्याशिवाय हातोडा उचलायचा नाही.

बसायचं कसं, कोणाकडे तोंड करून

बऱ्याच दिवाणखान्यांत सगळं फर्निचर भिंतींना पाठ लावून उभं असतं, शाळेत शिक्षा झालेल्या मुलांसारखं. मधे मोठं रिकामं मैदान. खोली मोठी दिसावी म्हणून हे केलं जातं, आणि ती दिसतेही. पण समोरासमोर बसलेल्या दोघांत तीन-साडेतीन मीटरचं अंतर पडलं की गप्पा आपोआप औपचारिक होतात. आवाज चढवावा लागतो, खासगीतलं बोलता येत नाही.

हम्फ्री ऑस्मंड नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९५० च्या दशकात कॅनडातल्या एका मनोरुग्णालयात काम करताना जागांचे दोन प्रकार केले होते: माणसांना एकमेकांकडे ओढणाऱ्या आणि एकमेकांपासून लांब ढकलणाऱ्या. ओळीने मांडलेल्या, एकाच दिशेला तोंड असलेल्या खुर्च्या दुसऱ्या प्रकारात मोडतात. प्रतीक्षालयात ते ठीक आहे. घरात मात्र टीव्हीकडे तोंड करून लावलेल्या सोफ्यांनी नकळत तेच होतं. सोफा आणि खुर्ची काटकोनात ठेवली, दोन माणसांच्या डोक्यांत दोन ते अडीच मीटरपेक्षा जास्त अंतर येऊ दिलं नाही, की खोलीत फरक पडतो. काटकोनाचा एक फायदा असा, की समोरच्याकडे बघता येतं आणि बघायचं नसेल तर नजर सहज दुसरीकडे ठेवता येते.

आसनाची उंची साधारण ४० ते ४५ सेंटीमीटर असते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ४५ ते ४८ बरे पडतात, आणि उठताना रेटा द्यायला हात असलेली खुर्ची हवी. लिहिण्याचं किंवा कामाचं टेबल ७२ ते ७५ सेंटीमीटर. टेबलापेक्षाही जास्त लक्ष द्यायचं ते आसन आणि टेबल यांच्यातल्या फरकाकडे: तो २७ ते ३० सेंटीमीटर असला की खांदे वर चढत नाहीत. आणि खोलगट, गुबगुबीत सोफे दुकानात दोन मिनिटं बसून घेऊ नयेत. पाठ टेकवली की पाय जमिनीवरून उचलले जातात का, तेवढं बघा.

उजेड

आता खरा विषय. खोली बदलूनही मनासारखी वाटत नाही, असं कोणी म्हटलं की मी आधी छताकडे बघतो. बहुतेक वेळा तिथे मधोमध एकच प्रखर दिवा असतो. त्याचा दोष असा, की तो सगळीकडे सारखा उजेड टाकतो आणि कुठेच पुरेसा टाकत नाही. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली आपल्या हातांवर पडते. आरशासमोर उभं राहिलं की भुवयांची सावली डोळ्यांखाली.

आधी दिवसाचा उजेड. खिडकीतून येणारा उपयोगी उजेड खोलीत किती आत पोचतो, याचा एक ढोबळ हिशेब आहे: खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, तिच्या दुप्पट ते अडीचपट. कड २.१ मीटरवर असेल तर साधारण साडेचार-पाच मीटरपर्यंत. म्हणजे खिडकीचा वरचा भाग सर्वात मोलाचा, आणि आपण नेमका तोच झालर आणि पडद्याच्या जाड घड्यांनी झाकतो. पडद्याची दांडी खिडकीच्या वर आणि दोन्ही बाजूंना १५-२० सेंटीमीटर बाहेर घेतली की पडदा उघडल्यावर काचेवरून पूर्ण बाजूला होतो. उजेड वाढवायचा हा सर्वात स्वस्त उपाय. आरसा खिडकीच्या समोर किंवा लगतच्या भिंतीवर लावला तर तो उजेड आत ढकलतो. पण आरशात काय दिसणार तेही बघा. कपड्यांची ती खुर्ची दिसणार असेल, तर आता त्या दोन झाल्या.

मग दिवे. दिव्याच्या खोक्यावर तीन आकडे असतात आणि बहुतेक जण चौथाच, म्हणजे वॉट, वाचतात. वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. उजेड किती देतो ते लुमेनमध्ये असतं. जुना ६० वॉटचा तारेचा बल्ब सुमारे ८०० लुमेन द्यायचा. तेवढाच उजेड एलईडी ८ ते १० वॉटमध्ये देतो. आणि १ चौरस मीटर जागेवर १ लुमेन पडला की त्याला १ लक्स म्हणतात. नुसतं बसायला-बोलायला १०० ते १५० लक्स पुरतात. वाचायला, शिवायला ३०० ते ५०० लागतात. ३ मीटर बाय ४ मीटरच्या खोलीत, म्हणजे १२ चौरस मीटरवर, सगळीकडे ५०० लक्स पाडायचे तर ६,००० लुमेनच्याही वर लागतील आणि खोली परीक्षेच्या हॉलसारखी होईल. त्याऐवजी वाचणाऱ्याच्या खांद्याजवळ ४००-५०० लुमेनचा एक टेबललँप ठेवला की पुस्तकावर तेवढा उजेड सहज मिळतो. कारण लहान दिव्याचं अंतर निम्मं केलं की त्याचा उजेड चौपट होतो. दिवा मोठा करण्यापेक्षा जवळ आणणं केव्हाही फायद्याचं.

वयाचाही हिशेब यात येतो. डोळ्याचं भिंग वयाप्रमाणे पिवळट, जाडसर होतं आणि बाहुली लहान राहते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश उजेड पोचतो. 'एवढा तर लख्ख उजेड आहे, तुम्हाला कसं दिसत नाही?' असं आईवडिलांना विचारण्याआधी हे आठवावं.

खोक्यावरचा दुसरा आकडा केल्विनचा, म्हणजे तापमानाच्या एका एककाचा. तो उजेडाची छटा सांगतो. लोखंड तापवलं की आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं. तापमान जास्त तसा रंग निळ्याकडे झुकतो. म्हणून मेणबत्तीची ज्योत १,९०० केल्विनच्या आसपास, जुना बल्ब २,७००, आणि ढगाळ आकाशाचा उजेड ६,५०० च्या घरात. गंमत अशी की आकडा जेवढा 'गरम', तेवढा तो उजेड आपल्याला थंड वाटतो. बसण्याच्या आणि झोपण्याच्या खोलीत २,७०० ते ३,०००, ओट्यावर आणि कामाच्या टेबलावर ४,००० बरे. सगळ्या घरात ६,५०० लावणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही. एकाच खोलीत दोन छटा एकत्र जळणार नाहीत एवढं मात्र पाहा. पांढऱ्या भिंतीचा अर्धा भाग पिवळा आणि अर्धा निळसर दिसतो, आणि खोलीत काहीतरी खटकतंय पण काय ते कळत नाही.

झोपण्याच्या खोलीत छटेला आणखी एक अर्थ आहे. २००२ मध्ये डोळ्याच्या पडद्यातल्या एका वेगळ्या प्रकारच्या पेशींचा उजेडाला मिळणारा प्रतिसाद शास्त्रज्ञांनी थेट मोजला. या पेशी चित्र पाहण्यासाठी नसतात. बाहेर दिवस आहे की रात्र, हे त्या मेंदूला कळवतात आणि निळसर उजेडाला त्या सर्वात जास्त दाद देतात. झोपण्याआधीचे दोन तास डोक्यावर निळसर ट्यूबलाइट जळत असेल तर शरीराला निरोप जातो की दुपार आहे. डोळ्यांच्या पातळीखालचे, पिवळसर, मंद दिवे इथे उपयोगी. रात्री उठणाऱ्यासाठी पायाशी एखादा बारीक दिवा.

तिसरा आकडा सीआरआय, म्हणजे त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याची १०० पैकी गुणपत्रिका. जुन्या बल्बला १०० धरलेले असतात. ८० चालतात, ९० च्या पुढे छान. कमी गुणांच्या दिव्याखाली तांबडे रंग आणि माणसाची त्वचा मलूल दिसते. शेडकार्डावरचा उबदार रंग घरी आजारी का पडतो, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

आणखी एक, मग दिवे पुरे. खोली उजळ वाटणं हे जमिनीवर किती उजेड पडला यापेक्षा भिंती किती उजळल्या यावर ठरतं, कारण उभं किंवा बसलेलं माणूस जमिनीकडे नाही, भिंतींकडे बघत असतं. फॉल्स सीलिंगमध्ये कांजिण्या आल्यासारखे दहा-बारा गोल दिवे लावले जातात आणि ते सगळे सरळ खाली लादीवर उजेड ओततात. लादी चकाकते, भिंतीचा वरचा भाग अंधारा राहतो आणि छत खाली आल्यासारखं वाटतं. त्यातले चार दिवे भिंतीकडे तोंड करून लावले असते तर बाकीचे आठ लागलेच नसते. आणि प्रत्येक गटाला वेगळा स्विच. एकाच बटणाने सगळं पेटत असेल, तर ते दहा दिवे म्हणजे एकच मोठा दिवा.

घुमणाऱ्या खोल्या

नवी खोली झाल्यावर 'इथे आवाज का घुमतो?' असं विचारलं जातं, तेव्हा बहुधा गालिचा निघालेला असतो, जाड पडद्यांच्या जागी ब्लाइंड आलेले असतात आणि कापडी सोफ्याच्या जागी चामड्याचा.

या प्रश्नाचं शास्त्र एका व्याख्यानकक्षामुळे जन्माला आलं. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातला नवाकोरा कक्ष इतका घुमत होता की व्याख्यात्याचा शब्द साडेपाच सेकंद हवेत रेंगाळायचा आणि पुढचे शब्द त्यात बुडायचे. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ते दुरुस्त करायला सांगितलं. दिवसा शांतता मिळेना, म्हणून तो रात्री काम करायचा. जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या वाहून आणायच्या, थोड्याथोड्या अंथरत जायच्या, ऑर्गनचा एक सूर वाजवून तो विरायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या जागेवर. यातून निघालेला नियम साधा आहे: खोलीचं घनफळ जितकं जास्त तितका आवाज जास्त रेंगाळतो, आणि आवाज शोषणारा पृष्ठभाग जितका जास्त तितका लवकर विरतो. उघडी खिडकी हे त्याच्या हिशेबात पूर्ण शोषण, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही.

घरात गाद्यांचं काम गालिचा, पडदे, उशा, कापडी सोफा आणि पुस्तकं करतात. दोन समोरासमोरच्या उघड्या भिंतींपैकी निदान एकीवर काहीतरी मऊ किंवा खडबडीत असू द्या. टाळी वाजवून बघा; मागून टणकन आवाज आला तर ती जोडी सापडली. मात्र घुमणं कमी करणं वेगळं आणि शेजारचा आवाज अडवणं वेगळं. मऊ वस्तू आतला आवाज शोषतात. बाहेरून येणारा अडवायला वजनदार भिंत आणि दाराखिडक्यांच्या फटी बुजवणं लागतं. भिंतीला फोमचे तुकडे चिकटवून शेजाऱ्यांचा टीव्ही थांबत नाही.

फळीचा झोळ

सामानाबद्दल थोडक्यात. रोजची वस्तू गुडघा आणि खांदा यांच्यामधे, क्वचित लागणारी वर. कपडे हँगरला टांगायच्या कपाटाची आतली खोली ६० सेंटीमीटर लागते, कारण हँगरच ४२ ते ४५ सेंटीमीटरचा असतो. पुस्तकांना २५ ते ३० पुष्कळ. त्याहून खोल फळी केली की पुस्तकांच्या दोन रांगा होतात आणि मागची रांग कायमची हरवते.

फळीची लांबी ठरवताना मात्र सुतारावर सगळं सोडू नका. सारख्याच दाटीने भरलेल्या फळीचा झोळ लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. ६० सेंटीमीटरची फळी ९० ची केली, म्हणजे फक्त दीडपट, तर झोळ पाचपट. उलट जाडीचा फायदा तिसऱ्या घाताने मिळतो: १८ मिलिमीटरऐवजी २५ घेतली तर झोळ पावणेतीन पटींनी कमी. एक मीटर पुस्तकांचं वजन २० ते ३० किलो सहज भरतं. लांबलचक, बारीक, अधांतरी फळी फोटोत फार देखणी दिसते. फोटो पहिल्या दिवशी काढलेला असतो.

आणि आता शेडकार्ड

मिशेल यूजेन शेव्रल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ पासून पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यातल्या रंगकामाचे प्रमुख होते. भिंतीवर टांगायची भरजरी वस्त्रं तिथे विणली जात. तक्रार आली की निळ्या-जांभळ्या भागांत वापरलेला काळा धागा फिका पडतो, काळा वाटत नाही. शेव्रल यांनी तो धागा इतर ठिकाणच्या उत्तम काळ्या धाग्यांशी ताडून पाहिला. रंगात काहीच खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे डोळ्यालाच तो काळा वेगळा दिसत होता. पुढे १८३९ मध्ये त्यांनी शेजारी आलेल्या रंगांच्या परिणामांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. (जाता जाता: शेव्रल १०२ वर्षं जगले आणि पावलं मोजणारी श्यूटे-लिहोत्स्कीही १०२. यातून निष्कर्ष काढू नये, पण मला ते आवडतं.)

म्हणजे रंग एकटा कधी दिसतच नाही. करडा सोफा हिरव्या भिंतीपुढे किंचित तांबूस वाटतो, तोच तांबड्या भिंतीपुढे हिरवट. म्हणून आधी सोफा, लादी, लाकूड यांतलं जे बदलणार नाही ते जागेवर हवं आणि भिंतीचा रंग त्यांच्या शेजारी ठरायला हवा.

शेडकार्डाचा चौकोन फसवतो त्याला आणखी दोन कारणं आहेत. तो पांढऱ्या कागदावर छापलेला असतो आणि आकाराने नखाएवढा असतो. प्रत्यक्षात चार भिंती एकमेकींवर आपला रंग फेकतात, त्यामुळे तोच रंग खोलीत जास्त गडद, जास्त भडक लागतो. चौकोनाच्या पाठीमागे किंवा कंपनीच्या तक्त्यात 'एलआरव्ही' असा आकडा असतो. तो रंग पडलेल्या उजेडापैकी किती परत फेकतो, हे तो ० ते १०० मध्ये सांगतो. पांढरे रंग ८० च्या वर असतात. ४० चा रंग निवडला तर निम्म्याहून जास्त उजेड भिंत गिळणार, म्हणून दिव्यांचा हिशेब पुन्हा बघावा लागतो. अंधाऱ्या खोलीला गडद रंग देऊच नये असं नाही. पुस्तकं वाचायच्या लहान खोलीत गडद हिरवा मला फार सुखाचा वाटतो, फक्त तिथे दिवे भिंतीजवळ आणि भरपूर लागतात.

दुकानाच्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब जुळलेले पडदे आणि भिंत घरी आल्यावर भांडतात, याचं कारण दोन वेगळी रंगद्रव्यं एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. यावर उपाय एकच. छोटा डबा आणा. मोठ्या जाड कागदावर, निदान दोन हात मारून रंग द्या आणि चारही बाजूंना दोन बोटं पांढरी कड सोडा, म्हणजे जुन्या भिंतीचा रंग मधे लुडबुडणार नाही. तो कागद आधी खिडकीसमोरच्या भिंतीवर लावा, दुसऱ्या दिवशी खिडकीच्याच भिंतीवर, मग सोफ्यामागे. सकाळी बघा, दुपारी बघा आणि संध्याकाळी, दिवे लागल्यावर, रोज जिथे बसता त्या खुर्चीत बसून बघा. चार दिवसांनी तो कागद तिथे आहे हे विसरायला झालं, तर सुताराचं आणि वायरमनचं काम उरकल्यावर रंगाऱ्याला बोलवा.